गाडीचा खाडा : एरंडोलच्या रस्त्यावरील जुन्या पिकअपचा हिशेब

एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी या परिसराची जुनी श्रद्धा आहे. बकासुरासाठी गाडाभर अन्न घेऊन भीम येथूनच पद्मालयाच्या डोंगराकडे निघाला, असे वडीलधारी मंडळी आजही सांगतात. त्या गाड्याची धुरी वाटेत मोडली असती तर काय झाले असते, हे मात्र कोणी सांगत नाही. व्यापाऱ्याच्या मनात तो प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

अंजनी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव सुरत–कोलकाता महामार्गावर आहे. महामार्गाचा पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53. पूर्वेस सुमारे 30 किलोमीटरवर जळगाव, पश्चिमेस पारोळा आणि पुढे धुळे, उत्तरेस धरणगाव, दक्षिणेस कासोदा. कापूस, मका, केळी, किराणा, खते असा सारा माल या चार दिशांना फिरतो, तो बव्हंशी पिकअपवर. त्यांतील पुष्कळ गाड्या दहा-बारा वर्षे वापरलेल्या. कर्ज केव्हाच फिटलेले, रंग उडालेला, हौद्याचे पत्रे दोन वेळा बदललेले. तरी सकाळी सहाला स्टार्टर दिला की गाडी कामाला लागते. ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मिस्तरी विचारतो, ‘‘काय म्हनस गाडी, भाऊ?’’

गाडी काय म्हणते हे बरेचसे तिच्या धुरावरून कळते. काळा धूर निघाला तर एअर फिल्टर कोंडला आहे किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाही, असे समजावे. कोरड्या दिवसांत काळ्या मातीची धूळ इतकी बारीक उडते की पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीपर्यंत फिल्टरची वाट पाहणे येथे परवडत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. रिंगा आणि पिस्टन यांचे आयुष्य सरत आले. गरम इंजिनातूनही पांढरा धूर सुटत असेल, रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल आणि ऑईलची काडी दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेले. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा वेळी रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतणाऱ्याच्या वाट्याला ही दुरुस्ती हमखास येते. वाचविलेले दोन-चारशे रुपये हेडच्या कामात कित्येक पटींनी परत द्यावे लागतात.

तथापि, गाडीला सर्वांत अधिक झिजविते ते वजन. नोंदणीपत्रावर सव्वा टनाची मर्यादा असेल तर 50 किलोची 25 पोती बसतात. मक्याच्या हंगामात त्याच हौद्यात 40 पोती चढतात, म्हणजे पूर्ण दोन टन. एक फेरी वाचली, डिझेल वाचले, असे मालकाला वाटते. इकडे मागच्या पाट्यांची मुख्य पात तडकते, चाकाचे बेअरिंग घोंघावू लागते, क्लच प्लेट घासून पातळ होते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, हीच क्लच सरल्याची खूण. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून साधारण 8 ते 10 हजार रुपये जातात. पूर्ण इंजिन खोलायचे तर 60 ते 80 हजारांची तयारी ठेवावी लागते. यंत्रशाळेतील बोअरिंगचे काम आणि सुटे भाग कोठून घेतले, यावर आकडा हलतो.

हे सारे खर्च दुकानाच्या वहीत ‘वाहन दुरुस्ती’ या सदराखाली येतात. वहीत येत नाही तो खाडा. दूधवाल्याचा खाडा घरातील बाई दिनदर्शिकेवर टिपून ठेवते. गाडीचा खाडा मात्र कोणी टिपत नाही. नवी पिकअप घ्यावी की जुनी ओढावी, या प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच असते.

समजा, नव्या गाडीसाठी 8 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे 17 हजार, वर्षाचे 2 लाख 4 हजार. जुन्या गाडीचे सर्वांत वाईट वर्ष धरू: इंजिन, क्लच, पाटे, टायर आणि किरकोळ मिळून सव्वा लाख. वरकरणी जुनी गाडी सरस ठरते. परंतु ती उभी असताना माल थांबत नाही. 3 हजार रुपये रोजाने दुसऱ्याची गाडी आणावी लागते. असे 26 दिवस झाले तरी बेरीज 2 लाख 3 हजारच होते. सत्ताविसाव्या खाड्याला तराजू फिरतो. इंजिनाचे काम दरवर्षी निघत नाही, आणि नवी गाडीही पाच वर्षांनी कर्जमुक्त होते, या दोन्ही गोष्टी जमेस धराव्यात. तरीही खाडे मोजल्याखेरीज ‘जुनी स्वस्त पडते’ हे म्हणणे अर्धवटच राहते. घरच्या मालासाठी वापरलेल्या गाडीवर आयकरात 15 टक्के आणि भाड्याने चालविलेल्या गाडीवर 30 टक्के घसारा मिळतो. घटत्या किमतीवर तो बारा वर्षांनी नाममात्र उरतो. उलट, आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो.

ब्रेकचे काम मात्र या तराजूत घालूच नये. पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा चाकातील सिलिंडर गळतो आहे. सपाट रस्त्यावर हे महिनोन्‌महिने खपून जाते. पद्मालयाच्या उतारावर खपत नाही. नवस फेडायला, लग्नकार्याला ‘शेठ, आजच्या दिवस गाडी द्या’ म्हणून कोणी आले की नाही म्हणवत नाही, आणि हौद्यात पंधरा-वीस माणसे बसतात. मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची नुकसानभरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. म्हणजे संकोचापोटी दिलेल्या गाडीवर दुकान, गोदाम, सारेच पणाला लागलेले असते. माणसांच्या जिवाचे तर मोलच नाही.

जुनी गाडी विकतानाही घाई अंगलट येते. कर्ज फिटून वर्षे झाली तरी नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा तसाच राहिलेला पुष्कळ घरांत आढळतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 देऊन तो आधी उतरवावा लागतो. मग नमुना 29 आणि 30. पैसे घेऊन किल्ली दिली, पण नाव बदलले नाही, तर पुढील अपघाताचा दावा नोंदणीकृत मालकावरच येतो, हे 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निःसंदिग्ध झाले. काही जुने व्यापारी कागदांसोबत दुरुस्तीची वहीही घेणाऱ्याच्या हाती ठेवतात. तो ती उभ्याउभ्याच चाळतो आणि क्लचच्या पानावर बोट ठेवून भाव आणखी पाच हजारांनी उतरवू पाहतो.