पाहुण्याने करायचे काय?

पाहुण्याला काय खाऊ घालावे, हा प्रश्न मालवणात कुणाला पडत नाही. समुद्राने तो केव्हाच सोडवून ठेवला आहे. पण जेवण उरकून, सोलकढीचा शेवटचा घोट घेऊन, पाहुणा हात पुसता पुसता विचारतो, "बरं, आता इथं करायचं काय?" तिथे मात्र भलेभले यजमान घुटमळतात.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 पासून कोकण रेल्वे पुरती धावू लागली, आणि या प्रश्नाचे छापील उत्तर तयार झाले. सकाळी होडीने किल्ल्यात जावे. कुरटे बेटावर महाराजांनी 1664 ते 1667 या काळात उभारलेला तो तट पाहावा. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडे पाणी राखणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत डोकवावे. राजाराम महाराजांनी बांधविलेल्या मंदिरात शिवराजेश्वरापुढे हात जोडावेत. दुपारी तारकर्लीला, सांजेला देवबागच्या संगमावर. सवड असेल तर पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीची गंजिफा. दोन दिवसांत सिंधुदुर्ग 'झाला'!

मागे दिवाळीच्या सुट्टीत माझे एक मुंबईकर स्नेही आले, ते नुकतेच स्वित्झर्लंड करून. 'करून' हा शब्द त्यांचाच. आपले आजे काशी करून येत, तसा. युंगफ्राउयोखचे 3454 मीटर उंचीवरचे स्टेशन, तिथे 1912 पासून जाणारी आगगाडी, टिटलिसचा स्वतःभोवती फिरत वर चढणारा पाळणा – सारे त्यांनी मला रसभरित वर्णन करून सांगितले, आणि मग किंचित कीव करून विचारले, "तसं तुमच्याकडे काय आहे हो?"

आमच्याकडे तसे काहीच नाही. मी विषय बदलण्यासाठी म्हटले, "त्या सगळ्यात मनात काय राहिलं तुमच्या?"

स्नेही जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गायी."

उन्हाळाभर डोंगरमाथ्यावर चरलेल्या गायी तिकडे थंडीच्या तोंडाशी खाली गावात आणतात. शिंगांवर फुले, गळ्यात मोठमोठ्या घंटा. रस्त्याच्या कडेला उभे राहून यांनी ती वरात पाहिली होती. "गाडी, पाळणा हे सगळं आमच्यासाठी केलेलं होतं," ते म्हणाले, "पण त्या गायी काही आमच्यासाठी उतरत नव्हत्या."

मला माझे उत्तर सापडले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना किनाऱ्यावर नेले. रापण लागली होती.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत अर्धचंद्राकार वळसा घेते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोऱ्या ओढायच्या. त्याला चाळीस-पन्नास माणसे लागतात. पावलाला पाऊल लावून, मागे मागे सरत. माझे स्नेही फोटो काढीत उभे होते. रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ओ पावण्यांनू, नुसता बघतास काय? दोरयेक हात लावा!"

त्यांनी हात लावला. तासाभराने जाळे वाळूवर आले तेव्हा त्यांचे तळवे लालबुंद झाले होते, आणि त्यांच्या वाट्याला आले होते दोन बांगडे आणि मूठभर तारले. ओढणाऱ्याला वाटा, हा रापणीचा रिवाजच आहे. ते बांगडे त्यांनी असे धरले होते, की कुणी प्रसादही तसा धरत नसेल.

पण हे सुख फार दिवसांचे आहे अशी खात्री मी देऊ शकत नाही. यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी थवेच्या थवे बाहेरच उचलू लागली, तशी रापण पुष्कळदा रिकामी येते. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटलेला नाही. ओढणाऱ्यांची पोरे आता पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवतात. त्यांना दोष कोण देईल? चूल त्यावर पेटते.

भीती वेगळीच आहे. उद्या मासळी नसली, तरी पाहुण्यांच्या हौसेखातर रिकामी रापण ओढून दाखवण्याची पाळी आली तर? त्या गायींच्या मिरवणुकीत जीव आहे, कारण त्यांनी खरोखरच डोंगरावरचे गवत खाल्लेले असते, आणि त्या दुधाचे चीज घरोघर असते. काम असते म्हणून सोहळा असतो. काम संपले की उरते ते सोंग.

म्हणून वाचकहो, मालवणला याल तेव्हा किल्ला पाहा, संगम पाहा. पण एक पहाट राखून ठेवा. रापण लागली असेल तर दोरीला हात लावा. नसेल लागली, तर बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून फार घासाघीस न करता मासळी घ्या. ती कुणी आणि कशी आणली, तेवढे विचारा. त्या सांगतील. पैसे मोजण्याआधी विचारलेत तर जरा जास्तच सांगतील!