प्रवेशाची पात्रता

एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात विद्येपासून विनय, विनयापासून पात्रता आणि पात्रतेपासून धन असा क्रम लावून दिलेला आहे. हा क्रम ज्याने लावला त्यास विद्यापीठाच्या कचेरीचा अनुभव नसावा, असे म्हणावेसे वाटते. आमच्याकडे पात्रता प्रथम सिद्ध करावी लागते. ती सिद्ध करण्याकरिता धन आगाऊ भरावे लागते. विनय तर खिडकीपाशी उभे राहताक्षणीच अंगी बाणवावा लागतो. आणि हे सर्व यथासांग पार पडल्यावर विद्येचा प्रसंग आलाच तर येतो.

अध्यापनाच्या व्यवसायात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. पावसाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या प्रवेशाच्या माहितीपत्रिका लोक पंचांगासारख्या गरजेपुरत्या पाहतात. आम्हांस त्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याची खोड आहे. त्यांतही पदवीनंतरच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची पाने आम्ही विशेष आवडीने वाचतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे हे अभ्यासक्रम असतात. कोठे पाली, कोठे मोडी लिपी, कोठे जर्मन भाषा, कोठे पर्यटन. वर्ग पुष्कळदा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी भरतात. येथे येणारा मनुष्य बापाने धाडलेला वीस वर्षांचा मुलगा असतोच असे नाही. बँकेतला नोकर, शाळामास्तर, पेन्शनीत निघालेला पोस्टातला मनुष्य, मुले मार्गाला लागल्यावर मोकळी झालेली गृहिणी अशी माणसे येथे आपण होऊन येतात. विद्येच्या दाराशी कोणाच्या आग्रहावाचून आलेला असा विद्यार्थी मिळणे, हे आम्हां शिक्षकांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

या भाग्यवंतांचे स्वागत आम्ही कसे करितो ते पाहावे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. कोठे पदवीस अमुक टक्के गुण हवेत. परक्या विद्यापीठाचा पदवीधर असल्यास स्थलांतराचा दाखला हवा. लग्नामुळे नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा हवा. आणि पदवीनंतर मध्ये काही वर्षे गेली असल्यास त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र हवे. ही शेवटची अट आम्हांस नेहमी विचारात पाडते. वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडू पाहणारी एखादी बाई शपथेवर लिहून देते की, मधल्या काळात मी अन्य कोठेही प्रवेश घेतला नव्हता. ते खरेच असते. तिने त्या वीस वर्षांत दोन मुले वाढविलेली असतात, सासू-सासऱ्यांची दुखणी काढलेली असतात, घराचे हप्ते फेडलेले असतात; परंतु कागदावर या सर्वांचे नाव ‘खंड’ असे पडते.

अटी नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. उलट, अटींची बाजू प्रथम मांडणे हे आमचे कर्तव्य आहे. ज्या देशात ओळखीवाचून पान हलत नाही असा लोकांचा समज आहे, त्या देशात छापील नियम हा गरिबाचा मोठाच आधार होय. नियमाला मामा नसतो आणि साडू नसतो. खेड्यातून आलेला निराधार मुलगा गुणपत्रिका पुढे करून जेव्हा म्हणतो की, मी अट पुरी केली आहे, आता मला जागा द्या, तेव्हा त्यास नाही म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. अट काढून टाका व योग्यतेप्रमाणे घ्या, असे म्हणणे ऐकावयास गोड लागते. पण ती योग्यता ठरविणार कोण, असा प्रश्न विचारताच त्या गोडीत कडवटपणा उतरतो. पुढे जे आम्ही लिहिणार आहोत ते वाचताना वाचकांनी ही बाजू विसरू नये.

आमच्या शहराने प्रवेशाच्या अटींचा इतिहास फार जवळून पाहिला आहे. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळालेले हे औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचा उपक्रम झाला. इंग्रजीवाचून उच्च शिक्षण नाही अशी जेव्हा सर्वत्र समजूत होती, तेव्हा एका देशी भाषेस हा मान मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु मराठवाड्यातील मराठी घरच्या मुलाला त्यामुळे दार उघडले असे झाले नाही. एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली इतकेच. इंग्रजीचा उंबरठा ओलांडू न शकणाऱ्यांसाठी जे दार बांधले, त्यालाही उंबरठा राहिलाच. तो उंबरठा बांधणाऱ्यास दिसला नाही, कारण तो त्याच्या स्वतःच्या घरच्या भाषेचा होता. अटी घालणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे: जी अट आपणांस सहज पुरी करता येते ती अट आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

संस्थान गेल्यावर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने येथे महाविद्यालय काढले. त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. नागसेन हा त्याच्या शंकांना उत्तरे देणारा भिक्षू. आणि त्या दोघांचा संवाद पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. एकाच आवारात प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही नांदावेत, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या दारावर बाबासाहेबांचे नाव यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि ते नाव प्रत्यक्ष लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात या प्रदेशात घरे जळली आणि माणसे मेली. विद्येच्या दारातून आत कोणी जावे एवढाच वाद नसून दारावर नाव कोणाचे असावे येथपर्यंत तो पोचतो, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून प्रवेशाची अट ही केवळ कचेरीची बाब आहे, असे निदान या शहरात तरी कोणी म्हणू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेत दुसऱ्याच कामाकरिता बसलो होतो. शेजारच्या मेजावर प्रवेशाचे काम चालले होते. साठीच्या घरातला एक गृहस्थ तेथे आला. हा वेरूळला प्रवाशांना लेणी दाखविणारा वाटाड्या. १९७२ च्या दुष्काळात त्याची शाळा सुटली, आणि पोर खडी फोडावयास गेले ते पुन्हा शाळेत परतले नाही. पुढे लेण्यांतच त्याचे आयुष्य गेले. बौद्ध कलेवरील एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची जाहिरात वाचून तो आला होता. मेजावरच्या तरुण कारकुनाने आदराने विचारले, “काका, पदवी कोणत्या साली झाली?” तो म्हणाला, “पदवी नाही, साहेब.” कारकून दुष्ट नव्हता, त्यास खरोखर वाईट वाटलेले दिसले. त्याने संगणकाचा पडदाच काकांकडे वळविला व म्हणाला, “पदवीचे साल भरल्याशिवाय हा पुढचे पानच उघडत नाही, काका. माझ्या हातात काही नाही.”

काकांनी पडद्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, “मला येते का नाही, हे कोणी विचारून तरी बघाल का? दहाव्या लेण्यातला बुद्ध पाय खाली सोडून का बसला आहे ते विचारा. कैलास वरून खाली कसा कोरीत आणला ते विचारा. नाही आले तर मी आपला जातो.” मेजापाशी कोणी काही बोलले नाही. विचारणे हे त्या मेजाचे कामच नव्हते. त्यांच्या मागे वाणिज्य शाखेचा एक पदवीधर उभा होता. त्याचे काम पाच मिनिटांत झाले. वेरूळ त्याने पाहिलेले नव्हते, आणि त्यात त्याचा काही अपराधही नव्हता. शिकावयासच तो आला होता. पण शिकावयास तर काकाही आले होते.

या प्रसंगात कोणी नियम मोडला नाही, कोणी उद्धटपणा केला नाही, कोणाचा वशिला चालला नाही. सर्व काही यथान्याय झाले, आणि तरी अन्याय झाला. तो कोठून आला याचा शोध घेतला असता आम्हांस असे दिसते की, विद्यापीठाच्या दारात पूर्वी प्रश्न उभा असे, तेथे आता कागद उभा आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू नालंदास राहिला होता. तो लिहितो की, तेथे येणाऱ्या परदेशच्या अभ्यासूंना द्वारावरच कठीण प्रश्न विचारीत, आणि दहांतील सातआठ जण निरुत्तर होऊन परत फिरत. ही अट कडक होती. आमच्या पन्नास टक्क्यांपेक्षा पुष्कळच कडक. परंतु परत जाणारा हे जाणून जाई की, आपणांस विचारले गेले होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे तीतूनच आत गेली. तेव्हाही विद्यापीठ स्वतः विचारीत होते. परीक्षा झाल्याची खूण म्हणून कागद आला. पुढे खूणच शिल्लक राहिली आणि परीक्षेचा हेतू मागे पडला.

अट ज्याला लागू पडत नाही अशा मनुष्याचे काय करावे, याचा एक दाखला आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोचल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयास त्यांनी जो अर्ज केला तो प्रवेशार्थी मनुष्याने कसे लिहावे याचा नमुना आहे. आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करीत नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपण काय शिकलो आहोत ते सांगितले, कशासाठी आलो आहोत ते सांगितले, आणि आपली गोष्ट निराळी आहे म्हणून तिचा निराळा विचार व्हावा असे मागितले. महाविद्यालयाने तो विचार केला. १८८६ साली आनंदीबाई तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. दाखल करून घेतले म्हणून त्यांस शेवटच्या परीक्षेत कोणी सूट दिली नव्हती. आत येण्याची अट सैल करणे आणि बाहेर पडण्याची परीक्षा सैल करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये १९६९ साली निघालेल्या मुक्त विद्यापीठाने पूर्वपरीक्षेची अट मुळीच न ठेवता पदवीचा कस मात्र राखला, तो याच विवेकावर.

मग वशिल्याचे काय, असे आमचे सावध वाचक विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर साधे आहे. पदवीचे दार आहे तसेच राहू द्यावे. त्याच्या शेजारी परीक्षेचे एक दार काढावे. ज्याच्यापाशी कागद आहे त्याने कागद दाखवावा. ज्याच्यापाशी नाही त्याने प्रश्नांची उत्तरे द्यावीत. प्रश्न सर्वांना सारखे असावेत, उत्तरे लेखी असावीत, लिहिता न येणाऱ्याची तोंडी परीक्षा चार माणसांसमक्ष व्हावी, आणि निकाल कारणांसह फळ्यावर लागावा. मामा आणि साडू आत शिरतात ते बंद खोलीच्या दारातून. उघड्या फळ्याची त्यांना मोठी भीती असते. आणि प्रत्येक अटीपुढे ती का घातली आहे हे एका ओळीत छापावे. जिचे कारण लिहिता येत नाही ती अट पुढील वर्षी गाळावी. एवढे केले तरी आमच्या माहितीपत्रिका निम्म्या होतील, असा आमचा अंदाज आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवरून मध्येच बाहेर पडणाऱ्यांची चांगली सोय लावली आहे: एक वर्ष केल्यास प्रमाणपत्र, दोन केल्यास पदविका. पुन्हा आत येण्याचीही वाट तीत आहे. पण ज्याने त्या वाटेवर पहिले पाऊलच टाकले नाही आणि तरी जो चालून चालून गावाच्या वेशीपर्यंत आला आहे, त्याने कोठून शिरावे?

हे दुसरे दार अजून का निघाले नाही, याचे कारण कारकुनाच्या मेजापाशी शोधू नये. ते आमच्या, म्हणजे अध्यापकवर्गाच्या, खुर्चीपाशी आहे. कागद तपासावयास पाच मिनिटे पुरतात, आणि ते काम आता यंत्रही करिते. मनुष्य तपासावयास मात्र अर्धा दिवस लागतो, आणि त्याकरिता तपासणाऱ्यास तो विषय नीट यावा लागतो. तीस वर्षे लेण्यांत वावरलेल्या मनुष्यास लेण्यांविषयी प्रश्न विचारावयाचा म्हणजे, त्याने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरविण्याइतके आपणही तेथे वावरलेले असले पाहिजे. मिलिंदाने प्रश्न विचारले तेव्हा नागसेनाच्या ज्ञानाची परीक्षा झाली. परंतु राजा कसा होता हेही जगाला कळले ते त्या प्रश्नांवरूनच. प्रवेशाच्या परीक्षेत पात्रता दोन्ही बाजूंची पाहिली जाते. कागदाच्या आड ती एकाचीच पाहिली जाते. आणि म्हणूनच, आम्हांस वाटते, कागद आम्हां शिक्षकांस इतका सोयीचा झाला आहे.