रामसेपट : काही टिपणं

• भयपट बनवणाऱ्या रामसे बंधूंचं मूळ आडनाव रामसिंघानी. वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले. त्यांना सात मुलगे.

• त्यांचा १९७०चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकायचे. भावांनी ते हेरलं आणि १९७२मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आणला. पडेल सिनेमातून नेमकं काय उचलायचं, हे त्यांना पिटातल्या प्रेक्षकाने शिकवलं.

• त्याचं चित्रीकरण महाबळेश्वरला. दिग्दर्शन तुलसी-श्याम, कथा कुमार, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन. घरचीच माणसं, म्हणून खर्च आटोक्यात. चुकाही घरच्याच हातच्या, म्हणून पडद्यावर माणसाचा हात दिसतो. मला हे सिनेमे आवडतात ते यासाठी.

• भरपूर धूर, लाल-निळा प्रकाश, करकरणारं दार. धुरात सेट कुठे संपतो ते कळत नाही. पैशांची उणीव झाकता झाकता त्यांची स्वतःची शैली तयार झाली.

• 'पुराना मंदिर' (१९८४). त्यातला सैतान सामरी झालेले अजय अगरवाल रूडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. ती उंची, तो चेहरा! नुसते उभे राहिले तरी पडदा भरतो.

• त्याच सिनेमातला शाप : राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. सामरीला शिक्षा दिली राजाने, ती भोगायची पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी. बाळंतपणातलं मरण ज्या घरांनी पाहिलंय, त्यांना ही भीती रबरी मुखवट्याची वाटली नसणार.

• आणि याच सिनेमांत बाईच्या अंगावर रेंगाळणारा कॅमेरा. न्हाणीघराचे प्रसंग तिकीटबारीसाठीच घातलेले. चाहत्यांनी यावर पांघरूण घालू नये. मीही घालत नाही.

• असे सिनेमे हसण्यासाठीही पाहिले जातात. कांती शाह यांचा 'गुंडा' (१९९८) रामसेंचा नव्हे, पण तो असाच होस्टेलांमधून गाजला. यमकांचे संवाद पोरं तोंडपाठ म्हणतात. त्या हसण्यात प्रेम आहे, पण थोडी ऐटही आहे : आम्हाला कळतं, बनवणाऱ्याला कळलं नाही. रामसेंना मात्र आपण काय करतोय ते नीट कळत होतं.

• १९९३मध्ये टीव्हीवर रामसेंचा 'झी हॉरर शो'. थिएटरातलं भूत दिवाणखान्यात आलं. अनेक मुलांची रामसेंशी पहिली ओळख इथली, पांघरुणाच्या फटीतून. ती मोठी होऊन जुने सिनेमे शोधू लागली. समीक्षकांनी ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांना प्रेक्षकांनीच जपलं. नवख्याने पहिल्यांदा पाहताना हसू आलं तर हसावं. दुसऱ्यांदा प्रकाशयोजना पाहावी.