गुलमर्गचा बेत

सिल्वासा, रविवार रात्र.

जेवणं उरकली आणि गुलमर्गचा विषय पुन्हा निघाला. वापीहून रेल्वेनं दिल्ली, विमानानं श्रीनगर, पुढं तंगमर्गचा घाट. धाकटीला स्कीइंग शिकायचंच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ चांगला असतो; शाळा थोडी बुडाली तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

काळजी आईची. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत चढतो. तिथली विरळ, गार हवा तिच्या दम्याला सोसायची नाही. डॉक्टर हो म्हणाले तर ती पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीपर्यंत येईल. तिथंही हिवाळ्यात बर्फ भरपूर. नाहीतर आम्ही आळीपाळीनं तिच्याजवळ खाली थांबू.

इथं दमणगंगेकाठी थंडी म्हणजे पहाटेपुरती शाल. लोकरीचे मोजे, कानटोप्या सगळंच घ्यायचंय. आईनं मात्र बाबांचा जुना मफलर पेटीतून काढून ठेवलाय. तिला घेतल्याशिवाय जायचं नाही.