‘ही’ आणि ‘ही’

‘च’ आणि ‘ही’ यांना आपली व्याकरणे शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. ती लागली तरी शब्दाचे सामान्यरूप होत नाही. वाक्याचा अर्थ मात्र पार बदलतो. मराठी ‘ही’ इतरांना सोबत घेते, हिंदी ‘ही’ त्यांना वगळते. आपले ‘मीही’ म्हणजे हिंदीतले ‘मैं भी’. हिंदीतले ‘मैं ही’ म्हणजे आपले ‘मीच’. ज्ञानेश्वरीतल्या ‘चि’चेच आज ‘च’ झाले आहे. गुजरातीत हे काम ‘ज’ करते, आणि तिथल्या ‘पण’ला ‘परंतु’बरोबर ‘सुद्धा’ हाही अर्थ आहे.

मांडवगण फराटा परिसरातल्या एका गुऱ्हाळावर या फरकाची किंमत मी पाहिली. मालक उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मजुराला म्हणाले, “तुझेही पैसे शनिवारी देतो.” त्याने ऐकले ते ‘तुझेच’. तो क्षणभर गप्प राहिला, मग सोबत्यांकडे हात करून म्हणाला, “और इनके?” मालकांना प्रश्नच कळेना.

वर्गात आम्ही ‘ही’पुढे ‘समावेश’ असा अर्थ लिहून पुढे जातो. त्या मजुराला मराठी ‘ही’ ठाऊक नव्हते. पण स्वतःचे घेण्याआधी त्याने इतरांचे विचारले, आणि त्या अव्ययाचा अर्थ पाळला.