बहात्तर तासांआधी नाही

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध आली नाही, अशा रुग्णाच्या माणसांना पहिल्याच रात्री स्पष्ट सांगून टाकावं, असं माझं पक्कं मत होतं. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यावरचं घर. कळवा किंवा मुंबई गाठून आयसीयूबाहेर बसायचं म्हणजे आधी बैल जातात, मग जमिनीचा तुकडा. म्हणून डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च मारायचा आणि ती आकसली नाही की हात जोडायचे. त्याला आधारही होता. १९८५ साली अमेरिकेत लेव्ही आणि सहकाऱ्यांनी प्राणवायूअभावी बेशुद्ध झालेल्या २१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तपासणीत बाहुल्या न हललेल्या ५२ जणांपैकी एकही पुन्हा स्वावलंबी झाला नाही.

माझं मत फिरवलं ते मण्यारीनं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. ना सूज, ना धड दात उमटलेले. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास थांबतो आणि पाठोपाठ हृदय. अशाच एका तरुणाच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, टॉर्चला ढिम्म. मेहुणा विचारत होता, “डाक्टर, आशा हाय का नाय?” मी नाही म्हणणारच होतो. पण सापाची शंका होती म्हणून प्रतिविष देऊन व्हेंटिलेटर चालू ठेवला. काही दिवसांनी बोटं हलली, मग पापण्या. मण्यारीचं विष स्नायू लुळे पाडतं, बाहुल्यांचेसुद्धा. मेंदू मात्र जागा असू शकतो.

साप नसला तरी घाई नकोच. मिडाझोलामसारखी झोपेची औषधं थकलेल्या शरीरात रेंगाळतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१च्या सूचना किमान ७२ तास थांबायला सांगतात, आणि तेव्हाही एकाच खुणेवर निकाल नाही. बाहुल्या, ईईजी, एमआरआय, रक्ततपासणी यांतल्या निदान दोन वाईट खुणा जुळायला हव्यात. आशा नाही म्हणून श्वासाची नळी काढली की रुग्ण जातोच आणि डॉक्टरचं भाकीत खरं ठरतं. ते चुकलं होतं का, हे कुणालाच कळत नाही. मला सगळ्यात जास्त हे छळतं.

पुष्कळ जण वाचत नाहीत, हेही खरं. खुणा जुळल्या की मी आजही स्पष्ट सांगतो.

नातेवाइकांनो, जमीन विकण्याआधी सरकारी रुग्णालयातला व्हेंटिलेटर मागा. झोपेचं औषध कधी बंद केलं, ते विचारा. आणि माणूस रात्री जमिनीवर झोपला होता का, हे डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा.