सिंगापूरच्या बाजारातल्या दोन बिया



सिंगापूरला आपली दोन सिनेगॉग आहेत. वॉटर्लू स्ट्रीटवरचे मागेन आवोत १८७८ सालचे आणि ऑक्सली राइजवरचे हेसेद एल १९०५ सालचे. मागेन आवोतपासून लिटल इंडियातला टेक्का बाजार जवळच आहे. आम्ही दोघे नातवंडांना घेऊन तिथे गेलो. हळद, चिंच, कढीपत्ता, नारळ, सगळे आपलेच! पण दोन बिया मात्र आमच्या ओळखीच्या नव्हत्या.

पहिली पांढरट, सोललेली, थेट मॅकाडेमियासारखी दिसते. मलय भाषेत तिला बुआ केरास म्हणजे 'कडक फळ' म्हणतात. इंग्रजी नाव कँडलनट, कारण तिच्यात तेल इतके की पूर्वी लोक ती दिव्यासारखी जाळत. नातवाने हात पुढे केला, तशी दुकानदारीण म्हणाली, "नो, नो! कुक फर्स्ट!" बरे झाले. कच्ची खाल्ली तर उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब होतात.

दुसरी बुआ केलुआक. करड्या, टणक कवचाची, आत काळा गर. ही बी कच्ची असताना तिच्यातून सायनाइड निघते, म्हणजे जिवाशीच गाठ! म्हणून ती आधी उकळतात, मग राख-मातीत सुमारे ४० दिवस पुरून ठेवतात. बाजारात येते ती अशी तयार केलेली. तरी घरी आणल्यावर बायका ती काही दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. आपल्या कोकणातले कडू कवठ याच कुळातले. त्याचे तेल कुष्ठरोग्यांना देत असत. १९४० नंतर सल्फोनची औषधे आली आणि ते मागे पडले. आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा जुन्या सिस्टर त्याच्या गोष्टी सांगत.

केलुआकचा गर कुटून परत कवचात भरतात आणि चिंचेच्या रश्शात कोंबडीबरोबर शिजवतात. पण त्या सारणात बहुधा डुकराचे मांस किंवा कोळंबी असते, आणि वाटणात बलाचान, म्हणजे सुक्या कोलिमाचा गोळा. तेव्हा कशेर पाळणाऱ्यांनी बाहेर खाऊ नये.

बुआ केरास मात्र आपल्या स्वयंपाकाला चांगली. आपण कोंबडीत दूध-दही घालत नाही. या बियांनी रस्सा नारळाच्या दुधासारखाच दाट होतो. एक किलो कोंबडीला ४-५ बिया पुरे. कांदा, लसूण, हळद, लाल मिरचीबरोबर वाटायच्या आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायच्या. कच्चे वाटण चाखायचे नाही. उरलेल्या बिया फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होतात.

मुलांनो, ओली काजूबी दाताने फोडू नये, चिकाने तोंड भाजते, हे कोकणात आई सांगायची. परक्या बाजारात सांगणारे कोणी नसते. म्हणून दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: हिचे नाव काय, आणि कच्ची चालते का? उत्तर मिळेपर्यंत हात खिशात ठेवा.